ज्योतिर्विद कॅसिनी आणि ग्रहांची दोन कुळे

आपल्या पूर्वजांनी ग्रहांना दिलेली नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. मंगळाला त्यांनी भौम, म्हणजे भूमीचा पुत्र, म्हटले. बृहस्पतीला गुरू म्हटले, आणि गुरू या शब्दाचा जड, भारी असाही अर्थ आहे. शनीला शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, असे नाव पडले. ही नावे ठेवणाऱ्यांजवळ दुर्बीण नव्हती. तरीही योगायोग असा की, मंगळ हा खरोखरच पृथ्वीच्या जातीचा, दगडमातीचा ग्रह ठरला आहे, आणि इतर सर्व ग्रह एका पारड्यात घातले तरी त्यांच्या दुपटीहून अधिक भरेल इतका गुरू भारी ठरला आहे.

सूर्याच्या या कुटुंबात दोन कुळे नांदतात. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्याजवळचे चार ग्रह आकाराने लहान, घट्ट आणि खडकाळ आहेत. त्यांच्यावर पाऊल टेकावयास जमीन आहे. मंगळाच्या पलीकडचे गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे अवाढव्य आहेत. पण पाऊल टेकावयास तेथे जमीनच नाही. आमच्या शाळेतील मुले हा भेद भूगोलाच्या तासाला दोन ओळींत शिकतात. परंतु या दोन ओळींसाठी कोणीतरी रात्रीमागून रात्री जागून काढल्या होत्या. अशा जागरणे करणाऱ्यांत जियोव्हानी दोमेनिको कॅसिनी याचे स्थान फार वरचे आहे. त्याचे चरित्र आमच्या वाचकांसमोर ठेवण्याचे योजिले आहे.

कॅसिनीचा जन्म ८ जून १६२५ रोजी, आजच्या इटलीच्या वायव्य टोकास, फ्रान्सच्या सरहद्दीजवळील पेरिनाल्दो नावाच्या डोंगरी गावी झाला. त्याचे संगोपन मामाने केले. पुढे जिनोव्हा येथे जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. काव्य, गणित आणि ज्योतिष या तिन्ही विषयांची त्याला सारखीच गोडी होती. तरुणपणी फलज्योतिषाचाही त्याला नाद होता. ग्रहांच्या स्थितीवरून माणसाचे भवितव्य सांगता येते काय, हे तो हौसेने पाहत असे. लवकरच त्या शास्त्रात आधार नाही अशी त्याची खात्री झाली, पण त्या निमित्ताने आकाशाकडे लागलेली दृष्टी मात्र पुन्हा खाली वळली नाही.

बोलोन्या शहरातील मालवासिया नावाच्या एका धनिक सरदाराला ज्योतिषाची आवड होती. त्याने पान्झानो येथे स्वतःची वेधशाळा उभारली होती. १६४८ साली त्याने कॅसिनीला तेथे बोलाविले, आणि अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १६५० साली, पंचवीस वर्षांचा हा तरुण बोलोन्याच्या प्राचीन विद्यापीठात ज्योतिषाचा प्राध्यापक झाला. त्या शहरातील सान पेत्रोनिओ या भव्य देवालयात त्याने १६५५ साली एक अपूर्व रचना केली. उंच छताला ठेवलेल्या लहानशा छिद्रातून माध्यान्हीचा सूर्यप्रकाश खाली उतरे, आणि फरशीत बसविलेल्या सुमारे ६७ मीटर लांबीच्या सरळ रेषेवर त्याचे बिंब पडे. या बिंबाच्या मोजमापावरून वर्षाचे मान काढता येई. सूर्याचे दृश्य बिंब वर्षभरात किती लहानमोठे होते, हेही कळून येई. जी जागा भाविकांच्या प्रार्थनेची, तीच त्याने सूर्याच्या मापनाची केली. ती रेषा आजही तेथे आहे.

बोलोन्यात असताना नद्यांच्या पुराचे तंटे सोडविणे, तटबंदीची पाहणी करणे, अशी सरकारी कामेही त्याच्याकडे येत. ती सांभाळून तो रात्री आकाश पाही. रोम येथील काम्पानी नावाच्या कुशल कारागिराने घडविलेल्या भिंगांच्या उत्तम दुर्बिणी त्याला १६६४ च्या सुमारास मिळाल्या, आणि त्याच्या आयुष्यातील खऱ्या पराक्रमाला येथून प्रारंभ झाला.

त्याने गुरूकडे दुर्बीण लावली. गुरूच्या बिंबावर पट्टे दिसत होते, आणि उपग्रहांच्या सावल्या बिंबावरून सरकताना दिसत होत्या. एक गडद डागही त्याला दिसला. हा डाग बिंबाच्या एका कडेकडून निघून दुसऱ्या कडेला नाहीसा होई आणि काही तासांनी पुन्हा उगवे. त्याच्या फेऱ्या मोजून कॅसिनीने १६६५ साली सांगितले की गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो. पृथ्वीहून कितीतरी पट मोठा गोळा, आणि त्याचा दिवस मात्र आपल्या दिवसाच्या निम्म्याहूनही लहान! आजच्या अत्यंत सूक्ष्म मापनाने ही संख्या ९ तास ५५ मिनिटे व काही सेकंद एवढी येते. साध्या घड्याळाच्या आधारे काढलेले ते उत्तर किती अचूक होते, हे यावरून दिसून येईल.

लगेच १६६६ साली त्याने मंगळाचा विचार केला. मंगळावरील काळसर खुणा त्याने टिपून ठेवल्या. आज ज्या वेळी एखादी खूण बिंबाच्या मध्यावर दिसली, त्याच्यापुढे चाळीस मिनिटे गेल्यावर ती उद्या त्या जागी येते, असे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे मंगळाचा दिवस २४ तास ४० मिनिटांचा झाला. आजचा आकडा २४ तास ३७ मिनिटे असा आहे. भूमिपुत्राचा दिवसही जवळजवळ भूमीच्या दिवसाएवढाच निघाला.

शुक्राने मात्र त्याला दाद दिली नाही. त्यावरील अंधुक ठिपके सुमारे तेवीस तासांनी परत येतात असे त्याला वाटले. पण ते फिरणे आहे की नुसता झोका, हे ठरविण्याइतका पुरावा त्याला मिळेना, म्हणून त्याने निर्णय दिला नाही. हा संयम योग्यच होता. शुक्र खडकाळ कुळातला असला तरी त्याने ढगांचा दाट बुरखा पांघरला आहे, आणि आतला गोळा एका फेरीस २४३ दिवस घेतो, हे विसाव्या शतकात रडारच्या साहाय्याने समजले.

कॅसिनीची कीर्ती आता आल्प्स पर्वत ओलांडून गेली. त्याने १६६८ साली गुरूच्या चार उपग्रहांची कोष्टके प्रसिद्ध केली होती. उपग्रह गुरूच्या छायेत केव्हा शिरतील आणि केव्हा बाहेर पडतील, हे त्यांवरून आधी सांगता येई. असे ग्रहण दोन गावांहून एकाच क्षणी दिसते. मात्र त्या क्षणी दोन्ही गावांची स्थानिक वेळ निराळी असते. या फरकावरून गावांचे रेखांश काढता येत. समुद्रावर सत्ता गाजवू पाहणाऱ्या राज्यांना अशी विद्या हवीच होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा प्रधान कोल्बेर यांनी कॅसिनीला पॅरिसला बोलाविले. १६६९ साली तो काही काळापुरता म्हणून गेला आणि कायमचा तेथला झाला. १६७१ साली तो नव्या वेधशाळेत राहावयास गेला. १६७३ साली त्याने फ्रान्सचे नागरिकत्व स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी तेथे संसार थाटला. इटलीचा जियोव्हानी दोमेनिको आता फ्रान्सचा झाँ दोमिनिक झाला.

पॅरिसमधील त्याचे सर्वांत मोठे काम १६७२ चे. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. रिशे नावाचा सहकारी दक्षिण अमेरिकेतील कायेन बेटावर गेला आणि कॅसिनी पॅरिसमध्ये राहिला. दोघांनी एकाच काळात मंगळाचे वेध घेतले. बोट डोळ्यांसमोर धरून एकदा डाव्या व एकदा उजव्या डोळ्याने पाहिले असता ते मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. त्याचप्रमाणे दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिल्यास मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. यास लंबन म्हणतात. त्यावरून मंगळाचे अंतर आणि मंगळावरून सूर्याचे अंतर कॅसिनीने काढले. ते सुमारे १४ कोटी किलोमीटर आले. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. त्यापूर्वीचे पंडित हे अंतर याच्या लहानशा अंशाएवढेच मानीत होते.

या एका आकड्याने केवढी क्रांती केली पाहा. ग्रहांच्या अंतरांची परस्पर प्रमाणे केप्लरच्या नियमांनी आधीच कळली होती. पण ती नकाशाला मापपट्टी नसावी तशी होती. कॅसिनीने मापपट्टी दिली. दुर्बिणीत दिसणाऱ्या इवल्याशा बिंबांचे खरे आकार आता काढता येऊ लागले. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याएवढा, तर गुरूचा पृथ्वीच्या अकरापट आहे, हे आज आपणांस ठाऊक आहे. आकाशात एकमेकांशेजारी ठिणग्यांसारखे दिसणारे हे दोन ग्रह एका पंगतीत बसणारे नव्हेत, हे तेव्हापासून स्पष्ट होऊ लागले.

शनीभोवतीही त्याने अनेक रात्री घालविल्या. शनीचा एक उपग्रह हॉलंडच्या हायगेन्सने १६५५ सालीच शोधला होता. कॅसिनीने त्यात चारांची भर घातली : १६७१ साली आयापेटस, १६७२ साली रिया, आणि १६८४ साली टेथिस व डायोनी. यांपैकी आयापेटस मोठा विलक्षण निघाला. तो शनीच्या पश्चिमेस असताना दिसे आणि पूर्वेस गेला की नाहीसा होई. त्याची एक बाजू उजळ व एक काळवंडलेली असून तो शनीकडे सदैव एकच तोंड करून फिरतो, असा तर्क कॅसिनीने केला. हा तर्क पुढे तंतोतंत खरा ठरला. १६७५ साली शनीचे कडे अखंड नसून त्यात एक काळी फट आहे असे त्याला दिसले. त्या फटीस आजही कॅसिनीची फट असेच म्हणतात.

मधल्या काळात त्याच्या हातून एक काम असे झाले की ज्याचा आपल्या देशाशी संबंध येतो. ला लुबेर हा फ्रेंच वकील १६८७ साली सयामला गेला होता. परत येताना त्याने सूर्यचंद्रांची स्थाने काढण्याचे तेथील नियम आणले. त्यांत युक्त्या होत्या, कारणे दिलेली नव्हती. कॅसिनीने ते गूढ उकलले. भारतातून सयामला गेलेली ही गणितपद्धती होती, आणि आपल्या पंचांगकर्त्यांचा अहर्गण, म्हणजे एका ठराविक दिवसापासून मोजलेली दिवसांची संख्या, तिच्या मुळाशी होता. ला लुबेरच्या १६९१ साली निघालेल्या ग्रंथात कॅसिनीचे हे विवरण छापले गेले.

आता या चरित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवल्यास आमच्या विद्यार्थ्यांचा तोटाच होईल. कॅसिनीचा डोळा जितका तीक्ष्ण होता, तितके त्याचे मन नवीन सिद्धान्त स्वीकारावयास तयार नसे. ग्रहांच्या कक्षा केप्लरने सांगितल्या तशा लंबवर्तुळाकार आहेत, हे त्याने पूर्णपणे मानले नाही. त्याऐवजी त्याने स्वतःची एक निराळी वक्ररेषा सुचविली. गुरूच्या पहिल्या उपग्रहाची ग्रहणे कधी लवकर तर कधी उशिरा दिसतात, हे त्याच्याच कोष्टकांतून उघड झाले. प्रकाशाला प्रवासास वेळ लागत असावा, अशी कल्पनाही प्रथम त्यानेच बोलून दाखविली. पण इतर तीन उपग्रहांशी तिचा मेळ बसेना, म्हणून त्याने ती सोडून दिली. त्याच वेधशाळेतील डॅनिश तरुण रोमर याने ती उचलून धरली. नोव्हेंबर १६७६ मधील ग्रहण दहा मिनिटे उशिरा दिसेल असे त्याने आधी सांगितले, आणि तसेच घडले. तरीही वडीलधाऱ्या कॅसिनीने होकार दिला नाही. पुढे १७२८ साली ब्रॅडलेने निराळ्याच मार्गाने रोमरचे म्हणणे सिद्ध केले. पण तेव्हा दोघेही हयात नव्हते.

न्यूटनच्या बाबतीत तर अधिकच नवल घडले. १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या ग्रहाला उपग्रह आहे, त्याचे वजन करता येते, हे त्याने दाखविले. कारण उपग्रह किती अंतरावरून किती वेळात फिरतो, यावरून ग्रहाची ओढ कळते. या हिशेबासाठी त्याने इतरांच्या वेधांबरोबर कॅसिनीचे वेधही वापरले. त्या हिशेबातून असे निघाले की गुरू व शनी हे प्रचंड असले तरी ज्या द्रव्याचे ते बनले आहेत, ते पृथ्वीच्या द्रव्याहून बरेच विरळ आहे. ग्रहांच्या दोन कुळांची ही पहिली खरी ओळख होय. तिचा कच्चा माल कॅसिनीच्या वहीतला; पण तिच्या मुळाशी असलेला सिद्धान्त कॅसिनीने मान्य केला नाही.

असाच प्रकार पृथ्वीच्या आकाराचा झाला. गुरूचे बिंब ध्रुवांकडे चपटे आहे, हे कॅसिनीने स्वतः पाहिले होते. परंतु फ्रान्सच्या भूमीचे मोजमाप करताना आलेल्या आकड्यांवरून त्याचा आणि त्याच्या मुलाचा असा ग्रह झाला की पृथ्वी ध्रुवांकडे निमुळती, लांबट आहे. हा वाद अनेक वर्षे चालला. १७३५ व १७३६ साली निघालेल्या दोन तुकड्यांनी पेरू व लॅपलँड येथे मापे घेतली, तेव्हा पृथ्वीही चपटीच असल्याचे ठरले. फरक एवढाच की घट्ट पृथ्वीचा चपटेपणा सुमारे तीनशेव्या हिश्श्याचा, तर वेगाने गरगरणाऱ्या गुरूचा सुमारे पंधराव्या हिश्श्याचा आहे.

तथापि एक गोष्ट कॅसिनीने अशी पाहिली की तिची योग्यता पुढच्या पिढ्यांनाच कळली. १६९० च्या सुमारास तो पुन्हा गुरूकडे वळला. गुरूच्या मध्यभागाजवळचे डाग ९ तास ५० मिनिटांच्या आसपास फेरी पुरी करतात, आणि ध्रुवांकडचे डाग काही मिनिटे मागे राहतात, असे त्याला आढळले. शिवाय डाग बदलत, विरत आणि नवे उपजत. मंगळाच्या खुणांचे तसे नव्हते. त्या एकमेकींशी जखडल्यासारख्या एकाच वेळात फिरत. फरशीवर काढलेली रांगोळी आणि ओढ्याच्या पाण्यावर सोडलेली फुले यांत जो भेद, तोच येथे होता. मंगळाच्या खुणा जमिनीवरच्या होत्या. गुरूचे डाग वाहत्या वायूतले होते. तेथील सर्वांत टिकाऊ डागाचे वेध १७१३ पर्यंत मिळतात, मग तो दिसेनासा होतो. सध्याचा प्रसिद्ध तांबडा डाग तो नव्हे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी २०२४ साली काढला आहे.

आज आपणांस या भेदाचे कारणही सांगता येते. सूर्य नवा होता तेव्हा त्याच्याभोवती धूळ आणि वायू यांची तबकडी फिरत होती. सूर्याजवळच्या उष्णतेत धातू आणि खडक तेवढे घट्ट होऊ शकले. ते थोडे होते, म्हणून तेथील ग्रह लहान राहिले. दूरच्या थंडीत बर्फही गोठले. तेथील गोळे त्यामुळे मोठे झाले, आणि त्यांनी आपल्या ओढीने हायड्रोजन व हेलियम हे हलके वायू भोवती गोळा केले. म्हणून पृथ्वी पाण्याच्या साडेपाचपट घन आहे आणि मंगळ जवळजवळ चौपट. गुरू पाण्याहून फक्त एक तृतीयांशाने अधिक घन आहे, आणि शनी तर पाण्याहूनही हलका आहे. युरेनस व नेपच्यून कॅसिनीच्या काळी माहीत नव्हते. ते अनुक्रमे १७८१ व १८४६ साली सापडले. त्यांच्यात पाणी, अमोनिया व मिथेन यांचा भरणा अधिक असल्याने त्यांना त्या कुळाची निराळी शाखा समजतात.

कॅसिनीला दीर्घायुष्य लाभले. पण ज्या डोळ्यांनी त्याने शनीचे चार उपग्रह शोधले, तेच डोळे अखेरच्या काळात गेले. अंधत्वातही त्याची वृत्ती शांत होती असे सांगतात. १४ सप्टेंबर १७१२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, पॅरिस येथे त्याचा अंत झाला. त्याच्यामागे मुलगा, नातू आणि पणतू अशा तीन पिढ्यांनी ती वेधशाळा सांभाळली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली पणतू बाहेर पडला, तेव्हा ही परंपरा खंडित झाली.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी शनीकडे एक यान निघाले. त्यास कॅसिनीचे नाव दिले होते, आणि त्याच्यासोबतच्या लहान यानास हायगेन्सचे. हे लहान यान १४ जानेवारी २००५ रोजी टायटन या उपग्रहावर उतरले, कारण तेथे जमीन होती. मोठे यान तेरा वर्षे शनीभोवती फिरले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीतच शिरले. त्यास उतरावयास जमीन मिळणार नव्हती. वायूच्या थरांत ते जळून गेले. मंगळावर १९७६ पासून अनेक याने सुखरूप उतरली आहेत. शनीवर किंवा गुरूवर एकही उतरू शकलेले नाही. स्थिर खूण नसल्याने शनीचा दिवस नेमका किती, हे कोडेही फार काळ सुटले नव्हते. कॅसिनी यानाने टिपलेल्या कड्यांतील तरंगांवरून २०१९ साली तो सुमारे १० तास ३३ मिनिटांचा ठरला. गुरूच्या डागाकडे पाहत घड्याळ लावून बसलेल्या माणसाचे काम त्याच्या नावाच्या यानाने असे पुढे नेले.

विद्यार्थिमित्रहो, कॅसिनीची कित्येक मते काळाने बाजूला सारली. त्याची टिपणे मात्र टिकली. आपल्या मताला अडचणीचे ठरणारे वेधही त्याने जसे दिसले तसे लिहून ठेवले, म्हणून रोमर आणि न्यूटन यांना त्यांचा उपयोग झाला. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग आकडे जुळविण्याचा मोह आपणांस होतो, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे. पुढे एखाद्या निरभ्र रात्री तांबूस मंगळ आणि तेजस्वी गुरू एकाच आकाशात दिसले, तर एकावर जमीन आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे आठवून त्यांच्याकडे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.